गिधाडांसाठी नियम नाई

मुखरूचं बांबू-कागदाचं विमान चांद्याकडच्या धावपट्टीवर उतरताच तिथे चौकीदार असलेल्या त्याच्या भाऊजींनीच ते जप्त केलं. "विमानतळाजवळ खेळण्यातलं विमान उडवाले बंदी हाय. खऱ्या विमानाले धोका होते." मुखरू भडकला. "अन् गाव पट्टीलगत मेलेली ढोरं टाकते, त्यांच्यावर घिरट्या घालणारी गिधाडं काऊन नाई दिसत, भाऊजी?" "गिधाडांसाठी नियम नाई." तेवढ्यात विमानतळाच्या मोठ्या साहेबांचं विमान आलं, गिधाड धडकून समोरची काच फुटली अन् ते कसंबसं टेकलं. साहेब रक्ताळलं कपाळ धरून उतरले. "कोणी केलं हे?" भाऊजी खेळणं पुढे करून मुखरूच्या कानात पुटपुटले, "कबूल हो रे. ढोरांचं कळलं तं माही चौकीदारी जाते." बहिणीच्या संसारापायी मुखरूने राग गिळला. त्याने साहेबांच्या कॉलरमध्ये अडकलेलं गिधाडाचं हातभर पीस उपटलं. "माहंच विमान, साहेब. हे त्याचं पीस. त्यानं अंडी कुठी घातली, शोधून राह्यलो."