खिडकीतला सेल

बाबांनी आयुष्यभर थिएटरात बॅटरी मारून लोकांना खुर्च्या दाखवल्या. त्यामुळे लेकीने आणलेली बोटाएवढी एलईडी बॅटरी त्यांनी आधी हसण्यावारी नेली. पण तिचा उजेड पाहिला आणि स्वारी खूश झाली. मग बॅटरी खिशातून काही निघेना.

आज लेक आली, तर बॅटरीतला सेल खिडकीत भर उन्हात ठेवलेला.

"अहो बाबा, हा लिथियमचा आहे! तापला तर पेट घेईल. हा चार्जरला लावायचा असतो." तिने तो झटकन उचलला.

"काल जिन्यात एकदम बंद पडली गं. तोवर लख्ख होती." बाबा ओशाळले. "आमचे सेल कसे, आधी मंद व्हायचे, उजेड पिवळा पडायचा. शेवटचा शो सुटला की मी ते घरी आणायचो. तुझी आई दुसऱ्या दिवशी इथेच उन्हात मांडायची, कामातून मध्येच येऊन कूस बदलून द्यायची. तेवढ्यावर दोन-चार दिवस जास्त निघायचे."

"हे तसे नसतात, बाबा. शेवटपर्यंत एकसारखा उजेड देतात आणि मग एकदम बंद."

बाबांनी सेल तिच्या हातातून घेतला. अजून कोमट होता.

"तुझी आईही तशीच गेली बघ. संध्याकाळपर्यंत माझ्यावर ओरडत होती. आधी जरा मंदावली असती, तर मीही तिला चार दिवस उन्हात घेऊन बसलो असतो."