दारातला शिपाई

“आज परत आलता तो बाइकवाला,” तुळशीराम म्हणाला. “गल्लीच्या तोंडाशी उभा ऱ्हायला. हेल्मेट काय काढला न्हाय.”

निकेतने खुर्चीतूनच मान हलवली. “नंबर बघितलात?”

“डोळं कुठं ऱ्हायलेत तेवढं?”

“बरं. सांगतो वर.” त्याने जांभई दाबली आणि चहाचा कप उचलला.

निकेत पोलिस शिपाई. डोंगरी गावातल्या या घराच्या ओट्यावर त्याला बसवलं होतं, कारण तुळशीरामच्या जिवाला धोका होता. तुळशीराम एका औषध कंपनीत स्टोअर सांभाळायचा. मुदत संपलेल्या गोळ्यांवर नव्या तारखा मारून माल बाजारात जातोय, हे त्याने सरकारला कळवलं. मालक आत गेला, कंपनीला टाळं लागलं. तुळशीरामला सरकारी बक्षीस मिळालं आणि दारात पहारा आला.

डोंगरी आणि शेजारच्या तारोडीतली कितीतरी पोरं त्याच कंपनीत होती. “बक्षिसासाठी म्हाताऱ्याने आमच्या पोटावर पाय दिला,” असं त्याचा सख्खा पुतण्या जितेश चारचौघांत बोलला. त्या दिवसापासून ओट्यावर कोणी चढलं नाही. बायको होती तोवर निभावलं. मग तीही गेली. तिला खांदा द्यायला माणसं आली, पण पुढे दाराशी कोणी फिरकलं नाही.

उरला निकेत.

आता खरं सांगायचं तर बाइकवाला नव्हताच. संरक्षणाचा फेरविचार होणार अशी कुणकुण गेल्या गणपतीच्या तोंडावर लागली, आणि आयुष्यभर खोट्याची चीड असलेल्या या माणसाने म्हातारपणी पहिली थाप मारली. ती पचली. मग काय, अधूनमधून बाइकवाला गल्लीत येऊ लागला. कधी काळी गाडी, कधी लाल. निकेत दरवेळी मान हलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्चीत हजर असायचा.

तसा तो अलीकडे ढिला पडला होता. बंदूक आणत नव्हता, वर्दीही नाही. “साध्या कपड्यात बसायचा हुकूम आहे, काका.” रात्रीचा शिपाई तर यायचाच थांबला होता. “स्टाफ कमी आहे,” एवढंच निकेत म्हणाला. स्वतःचे डोळे मात्र कायम तांबारलेले. दुपारी बोंबलाचं कालवण आणि भात पोटात गेला की खुर्चीतच घोरायला लागायचा. असला पहारेकरी असला काय नि नसला काय! पण तुळशीरामला ते घोरणंही गोड वाटायचं. आत भांडी घासताना तो नळ बारीक सोडायचा, म्हणजे ते ऐकू येई.

शिमगा झाला, ऊन तापायला लागलं. एका दुपारी निकेत असाच झोपलेला असताना त्याचा फोन वाजला. त्याला उठवायचं जिवावर आलं, म्हणून तुळशीरामनेच उचलला.

“पप्पा, आज तरी घरी जेवायला ये ना,” पलीकडून बारीक आवाज आला. “मम्मी म्हणते, तू नाहीच येणार.”

तुळशीरामने फोन हळूच निकेतच्या मांडीवर ठेवला. फार वाईट वाटलं त्याला. आपल्याला सोबत हवी म्हणून एका पोरीचा बाप आपण खोटं बोलून अडकवून ठेवला. मग त्या मालकाला खोटारडा म्हणायचं तोंड तरी राहिलं का आपल्याला?

दुसऱ्या दिवशी निकेत यायच्या आत त्याने बस पकडली आणि पोलिस ठाणं गाठलं. संरक्षणाचं काम बघणाऱ्या समिधा मॅडम नुकत्याच येऊन बसल्या होत्या.

“मॅडम, तो बाइकवाला हाय ना, तसा कोनी न्हाय. मीच बनवला. बायको गेल्यापासून घर खायला उठतं, म्हनून.”

“कुठला बाइकवाला?” मॅडम म्हणाल्या. “आमच्याकडे अशी काही तक्रार आलेली नाही.”

“निकेतने सांगितला नसंल. त्याचा काय दोष न्हाय. त्याला सोडा मॅडम, बारकी पोर हाय त्याची. मी ऱ्हाईन एकटा. शिक्षा काय ती मला करा.”

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“काका, तुमचं संरक्षण गणपतीतच बंद झालंय. धोका उरला नव्हता. तसा निरोप निकेतबरोबरच पाठवला होता.”

“काय बोलता? तो तर रोज येतो. काल पन दिवसभर बसलाय वट्यावर.”

मॅडमनी ड्यूटीचं रजिस्टर उघडून पाहिलं.

“निकेतला तेव्हापासून चेकनाक्यावर रात्रपाळी आहे, काका,” त्या म्हणाल्या. “सकाळी सुटतो तो.”