पाचपैकी पाच

छत्तीस वर्षं हेडमास्तरकी केलेल्या पद्मनाभरावांनी जन्मात कुणाला पैकीच्या पैकी गुण दिले नव्हते. पोटच्या पोरीलासुद्धा नाही! आज मात्र बायकोच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून, गुडघ्यावर हॉस्पिटलचा फॉर्म ठेवून, ते सढळ हाताने पाच-पाच वाटत सुटले होते.

स्वच्छता: पाच. डॉक्टरांचं बोलणं: पाच. जेवण... इथे जरा हात आखडला. रसम कसलं, नुसतं गरम पाणी. तीन.

शेजारी भवानीबाई गाढ झोपल्या होत्या. न्यूमोनियाने आठ दिवस छळ छळ छळलं होतं बाईला. काल इंजेक्शनं बंद झाली, नुसत्या गोळ्या राहिल्या, आणि डॉक्टर म्हणाले, उद्या घरी जा. तिच्याशिवाय रिकाम्या घराचं कुलूप उघडणं रोज जिवावर यायचं, हे पद्मनाभराव कुणाला बोलले नव्हते. फॉर्मात तसा रकानाही नव्हता.

'परिचारिकांची वागणूक' इथे पेन थांबलं. परवा विचारलं असतं तर शून्य दिलं असतं, आणि वर लाल शाईत शेरा. ती सिस्टर सेल्वी! बाई की हवालदार? गोळी द्यायला आली की आधी नाव विचारणार, मग मनगटावरची पट्टी वाचणार, मग फाइल बघणार. दिवसातून चार वेळा.

"रोज तीच बाई, तोच नवरा. अजून ओळख पटत नाही होय तुला?" पद्मनाभराव एकदा तमिळमध्ये तिच्यावर खेकसलेच.

"विचारावंच लागतं, सार," एवढंच उत्तर. हसणं म्हणून ठाऊक नाही.

त्यात ते खाटेचं प्रकरण. सात नंबरच्या खाटेवर भवानीबाईंचे पाय दक्षिणेला यायचे. "मज नीज येत नाही हो," त्या आपल्या तंजावरी मराठीत कुरकुरायच्या. "यमाच्या दिशेस पाय करून कोण निजतं? समोरची खाट बघा, तिकडं पाय उत्तरेस आहेत."

समोर आठ नंबरला विद्युलताबाई होत्या. मूळच्या साताऱ्याच्या, मुलगा इथे चेन्नईजवळ सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत. साखर भलतीच वाढली म्हणून दाखल झालेल्या. तमिळचा त्यांना गंध नव्हता, त्यामुळे समोर मराठी ऐकून बाईंना कोण आनंद! "घ्या की माझी खाट," त्या लगेच म्हणाल्या. "मला मेलीला कसली आलीय दिशा!"

पण सेल्वी आडवी आली. "इथे औषधं खाटेच्या नंबरावर येतात. डॉक्टरांच्या सहीशिवाय मी कुणाला हलवणार नाही."

पद्मनाभराव जे पेटले, ते थेट खाली ऑफिसात. दोन पानी तक्रार खरडली. हॉस्पिटलला दर्जाचं प्रमाणपत्र मिळवायचं होतं, तेव्हा पेशंटची तक्रार म्हटली की तिथल्या साहेबांचं धाबं दणाणायचं. दुसऱ्याच दिवशी सेल्वीची बदली तळमजल्यावर औषधांच्या कोठीत झाली. जाताना ती खाटेच्या पायथ्याशी वाकडी लटकलेली फाइल तेवढी सरळ करून गेली.

तिच्या जागी आली सौम्या. पोरगी कसली, गुळाचा खडा! आल्या आल्या "अप्पा, जेवलात का?" म्हणून विचारलं. काल संध्याकाळी खाटेची कैफियत ऐकली मात्र, आणि हसत म्हणाली, "एवढंच ना? हे बघा, आत्ता." पाच मिनिटांत दोघींची अदलाबदल झाली. भवानीबाई आठवर, विद्युलताबाई सातवर.

"फायलींचं काय?" पद्मनाभरावांनी विचारलं. शेवटी हेडमास्तर.

"कागदांचं मी बघते हो, अप्पा. तुम्ही निवांत बसा."

आज सकाळी साडेसातलाही तेच. हातात सुई घेऊन आली, पण नाव विचारणं नाही, पट्टी वाचणं नाही. "अम्मा झोपल्यात. नाही उठवत मी." अलगद दंडात टोचून गेलीसुद्धा. इंजेक्शनं तर बंद झाली होती ना, असं पद्मनाभरावांच्या मनात येऊन गेलं. पण आज घरी धाडायचं तर ताकदीचं काही देत असतील. एवढ्या गोड पोरीची उलटतपासणी कुठे घ्यायची!

परिचारिकांची वागणूक: पाच.

दहा वाजत आले होते. भवानीबाईंच्या इडल्या झाकणाखाली गार झाल्या होत्या. मघाशी झोपेतच त्या काहीतरी असंबद्ध पुटपुटल्या, हात थरथरला, मग पुन्हा निपचित झाल्या. कपाळ घामाने डबडबलं होतं. चेन्नईचा मे महिना, वरचा पंखा तरी काय करणार? पद्मनाभरावांनी उपरण्याने हलकेच घाम टिपला. जागं करायचा धीर झाला नाही. झोपू दे बापडीला, आठ दिवसांची राहिलेली झोप आहे.

पेशंटची सुरक्षितता: पाच.

शेवटी अभिप्राय. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'माझ्या पत्नीला आज प्रथमच शांत झोप लागली. याचं सारं श्रेय सिस्टर सौम्या यांचं.' खाली सही ठोकली आणि फॉर्म सौम्याच्या हातात दिला.

वाचता वाचता पोरीचे डोळे भरून आले. "असं कुणीच लिहिलं नव्हतं माझ्याबद्दल, अप्पा."

"अहो पद्मनाभराव," समोरून सात नंबरच्या खाटेवरून विद्युलताबाईंनी हाक मारली, "त्या सिस्टरना तेवढं तमिळमध्ये सांगा ना! दोन तास झाले, इडली समोर घेऊन बसलेय. माझं साखरेचं इंजेक्शन आज कुणी दिलंच नाही."