हातभर चाकू

"हा एक चाकू असला का जंगलात कोणाचीच गरज नाही, मामाजी! लाकडं फोडा, तंबूच्या खुंट्या ठोका, संत्री सोला!" सुशीलनं हातभर पातं सासऱ्यांसमोर नाचवलं.

दसऱ्याची सकाळ होती. काटोलच्या बागेत चंपतरावांनी विळे, कुऱ्हाडी पूजेत मांडल्या होत्या. जावयाचा चाकूही त्यांनी तिथंच ठेवला होता. तो सुशीलनं उचलून आणला होता.

"आज हत्यारं आराम करते, जावईबापू. ठेवून द्या त्याले."

सुशीलनं पात्यावरचं कुंकू पँटीला पुसलं आणि पूजेपाशीच बसून संत्रं सोलायला घेतलं. सालीबरोबर निम्म्या फोडीही गेल्या.

मग त्याचं लक्ष पात्यातल्या प्रतिबिंबाकडे गेलं. संत्रं धरलेल्या हाताला अंगठा नव्हता.

त्यानं हात पाहिला. अंगठा जागेवर होता. पात्यात नव्हता.

"मिनल, पाह्य वं. यात किती बोटं दिसून राहिली?"

बायकोनं वाकून पात्यात पाहिलं. "चार. अंगठा कुठं लपवला तुम्ही?"

अंगठा तिच्या नाकासमोर हलत होता.

सुशीलनं चाकू पोत्यात गुंडाळला, सुतळीनं बांधला, गाडीच्या डिक्कीत टाकला आणि कुलूप लावलं. मग गाडीच्या उघड्या दाराच्या चौकटीवर हात टेकवून तो म्हणाला, "सुटलो बाप्पा."

मिनलनं पलीकडं बघत दार लावलं.

दारात तुटलेला अंगठा सगळ्यांनी तिथंच शोधला. तो चंपतरावांना पूजेपाशी सापडला, संत्र्याच्या सालींत.