वैनीची हिरवी साडी

खोक्यातून पांढरी साडी निघाली.

मंजुषाने न शोधता तळाचा तांब्याचा कलश काढून बाजूला ठेवला. मडकं, गोवऱ्या, सुतळी, तूप, लाल कापड, सगळं जागच्या जागी होतं. किराणा मागवायच्या ॲपवर तिने अंत्यविधीचा संच निवडला होता तो सवाष्णीचा. दुकानाने विधवेचा पाठवला. फोनवर ॲप विचारत होतं, अनुभव कसा वाटला?

आईला, गोजराबाईंना, बाहेरच्या खोलीत निजवलं होतं. कपाळावर ठसठशीत कुंकू.

साताऱ्याहून पहाटेच आलेली विजयमाला आत्या साडी बघून कडाडली, "पांढरी? माझा भाऊ जित्ता हाय. घर सोडून गेला म्हंजी मेला व्हय?"

"दुकानाची चूक आहे, आत्या."

"वैनीनं एक वटपौर्णिमा चुकवली न्हाई. हौसेराव येईल म्हणून रोज रात्री त्याची भाकरी झाकून ठेवायची."

"मीच उचलायचे ती सकाळी."

"मग त्याला कळव की! कळंबोलीत त्याच्या जोडीच्या कुणातरी ट्रकवाल्याला ठावं असंल."

"त्यांचा फोन लागत नाही," मंजुषा म्हणाली आणि दुकानाचा नंबर फिरवला.

"मॅम, बदलून मिळेल, पण उद्या," पलीकडची मुलगी म्हणाली. "साडी नवीन आहे ना? मग चालेल की."

मंजुषाचा हात पांढऱ्या काठावर थांबला. घडी मोडावी तशी बोटं हलली.

"नाही चालणार," ती म्हणाली.

बोनकोड्यात एक दुकान नुकतंच उघडत होतं. तिथून तिने हिरवी साडी आणली, हिरवा चुडा आणला. आत्याने ओटी भरली. "भाग्याची गं माझी वैनी," म्हणत ती पहिल्यांदाच रडली. मडकं मंजुषाने धरलं. दुसरं कोणी नव्हतंच.

तिसऱ्या दिवशी आत्या घरी पिंडाचा भात शिजवत होती. मंजुषा एकटीच स्मशानात गेली. तिथल्या माणसाने तिला बघून नुसती मान हलवली. अस्थी कलशात भरल्या, वर लाल कापड बांधलं.

मग स्टुलावर चढून त्याने कपाटाच्या वरच्या फळीवरून आणखी एक कलश उतरवला. त्यावरही त्याच दुकानाचं लेबल होतं. कापडाचा रंग मात्र उडालेला. बाहीने धूळ पुसून त्याने तो पहिल्याशेजारी ठेवला.

"ताई, आता वडलांनापण नेणार ना?"