मीटिंगमधली दर्शना

सकाळपासून ॲप मला आत घेईना. मीटिंग, फायली, साहेबांशी बोलणं, ऑफिसचं सगळं त्या एकाच ॲपवर! आग लागो त्याला. एरवी मीटिंग असली की मी खोलीला कडी लावते, नाहीतर चाळीतलं कुणीतरी डोकावतंच. आज दार उघडंच होतं.

चिडून टीममधल्या निलेशला फोन लावला. "साहेबांना सांग, मी बाहेर अडकलेय."

"मस्करी नको, दर्शना. तू मीटिंगमध्येच आहेस. मागे तुझी फुलाफुलांची चादर वाळतेय."

चादर माझ्यामागेच दोरीवर होती.

"तिला म्हणावं, ऊठ माझ्या खुर्चीवरून!" मी खुर्चीत बसूनच किंचाळले.

निलेश हळूच म्हणाला, "उठली. दाराला कडी लावतेय."

माझ्या पाठीमागे कडी सरकली.