पुढे कोण चालणार

"आधी हे टेबल कोण पुसणार ते ठरवा, मग बेटाचं बघा," आई पुटपुटली. कोणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या जवळून.

टेबलावर नकाशा पसरला होता, चार कोपऱ्यांवर चार कप ठेवून. बेट एवढंसं, बाबांच्या तळहाताखाली पुरतं झाकलं जात होतं. आणि बाबा तळहात उचलत नव्हते.

"सकाळची पहिली बोट," ते म्हणाले. "धक्क्यावरून सरळ चढ. कड्यावरून दीपगृह, पलीकडे उतरून पक्ष्यांची खाडी, संध्याकाळच्या बोटीने परत. ठरलं."

"कुठे ठरलं?" थोरली म्हणाली. "खालच्या रस्त्याने जाऊ की. मिठाचं जुनं गोदाम बघू, बाजार बघू. माझा गुडघा दुखतोय."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"मघाशी जिना चढून आलीस. लिफ्टसाठी थांबलीसुद्धा नाहीस." बाबांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. चालू लिफ्ट सोडून जिना चढणाऱ्या माणसाचा ते मनापासून राग करत.

"मलाही चढ नको," धाकटा घाईने म्हणाला. "नवे बूट चावतात."

"मग जुने घाल."

"टाकून दिले."

"असं? मग दाराशी काढून ठेवलेत ते कोणाचे? पोस्टमनचे?"

धाकट्याने दाराकडे पाहिलंच नाही. थोरलीने मात्र पाहिलं आणि त्याच्यावरच उखडली. "तू गप्प बस ना. बूट म्हणे! एक गोष्ट धड सांगता येत नाही."

"आणि तुझा गुडघा, ताई? मघाशी डावा चोळत होतीस. आता उजवा. एक कुठला तरी ठरव."

या घरात चालण्याचा एक नियम होता. बाबांनीच घालून दिलेला. सगळ्यांत हळू चालणाऱ्याने पुढे राहायचं आणि बाकीच्यांनी त्याला ओलांडायचं नाही. लिफ्टवर काम करताना आधी सगळ्यांत झिजलेला दोर बघतात, तसंच हे, असं ते सांगत. मुलं लहान होती तेव्हा आळीपाळीने पुढे असायची. ती मोठी झाली तशी ती जागा आईकडे आली, कारण तिची पावलं लहान. सगळ्यांच्या मागे, पाठीवर सगळ्यांचं सामान घेऊन, बाबा. "चला इंजिन, शिट्टी द्या!" असं मागून ओरडत. आईने इतक्या वर्षांत शिट्टी काही दिली नव्हती. पण थांबलीही नव्हती.

गेल्या हिवाळ्यात टेकडीच्या माथ्यावर पोचून तिघांनी मागे वळून पाहिलं, तर बाबा नव्हते. ते खूप खाली एका दगडावर बसले होते, बुटाशी वाकून. ओठ राखेसारखे. "नाडी सुटली होती," ते म्हणाले. तिघांनी माना डोलावल्या. घरी येईपर्यंत सगळे हवेविषयी बोलत राहिले. घरी आल्यावरही.

"एकीचा गुडघा, एकाचे बूट," बाबा आता म्हणत होते. "सगळं घर लंगडं झालं की काय? असं करा, तुम्ही तिघं धक्क्यावर बसा, आइस्क्रीम खा. मी जातो वर एकटा."

"एकटे नाही जायचं," थोरली म्हणाली. फार पटकन म्हणाली.

"का?"

फ्रिज घुरघुरत होता.

"का, ते विचारतोय मी."

"वर वारा फार असतो," धाकटा म्हणाला.

"वारा!" बाबा हसले. हसण्यातून खोकला आला. तो त्यांनी घसा खाकरण्यात दडवला, आणि दडवून झाल्यावरही टेबलाची कड काही वेळ धरून ठेवली. "वाऱ्याला घाबरणारी पोरं मी वाढवली नाहीत. दीपगृहावर जायचंय. पुढे नेहमीप्रमाणे इंजिन, मागे ही लंगडी, मग हा पोस्टमन. शेवटी मी."

"या वेळी शेवटी मी राहीन," थोरली म्हणाली.

"मी राहतो ना," धाकटा म्हणाला.

"शेवटची जागा काय लिलावात निघाली आहे?" बाबांनी टेबलावर हात आपटला. कप खडखडले. "ती माझी आहे. ज्याला ते पटत नसेल त्याने येऊ नये. कोणी आमंत्रण दिलेलं नाही!"

थोरलीने पर्स उचलली. धाकटा उठून दाराकडे निघालाच होता, तीही त्याच्यामागे गेली.

आई फडकं घेऊन आली. तिने एक कप उचलला, नकाशाचा एक कोपरा वर वळला. दुसरा उचलला. तिसरा. चौथा. नकाशा आपोआप गुंडाळला जाऊन बाबांच्या हाताला येऊन टेकला. तिने तो बाजूला केला आणि कपांचे गोल डाग पुसायला लागली.

"मी नाही पुढे चालणार," ती म्हणाली.

"का? इंजिन बिघडलं?"

"इंजिन चांगलं चाललंय." ती पुसतच होती. "तुमच्या त्या बुटांना नाडी नाहीये. पट्टे आहेत."

दाराशी गेलेली दोघं तिथेच थांबली.

आईने फडकं घडी करून ठेवलं. नवऱ्याकडे सरळ बघितलं.

"या वेळी पुढे तुम्ही चालायचं," ती म्हणाली. "आम्ही कोणी तुम्हाला ओलांडणार नाही."